शंका-समाधान : दगडाची वाळू, वाळूचा दगड

गाळ आणि गाळाचे खडक या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांत एक समजूत सारखी डोकावते : वरच्या थरांचा दाब पडला की खालचा गाळ आपोआप दगड होतो. ही समजूत अर्धीच खरी असल्यामुळे त्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दिवसा तापून आणि रात्री गार होऊन खडक फुटतो, असे आम्ही शाळेत शिकलो. खरोखर एवढ्याने खडकाची वाळू होते का?

उत्तर : एकट्या उन्हाचे हे काम नव्हे. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९३६ साली गुळगुळीत घासलेला ग्रॅनाइटचा तुकडा ८९,४०० वेळा तापवून गार केला. दिवसाला एक आवर्तन धरले तर ही सुमारे २४४ वर्षे होतात. कोरड्या हवेत तुकड्यावर दिसण्याजोगा काहीच परिणाम झाला नाही. मग गार करताना पाण्याचा फवारा वापरला, तेव्हा त्याहून कितीतरी कमी आवर्तनांत पृष्ठभागाची चकाकी गेली आणि भेगा दिसू लागल्या. अर्थात तो तुकडा लहान आणि चारही बाजूंनी मोकळा होता. डोंगरातला खडक आजूबाजूने जखडलेला असल्यामुळे त्यात ताण साचतो आणि बारीक भेगा हळूहळू लांबतात. म्हणजे उन्हाचा वाटा शून्य नाही. पण पाणी नसेल तर काम फारच मंद चालते.

पाणी दोन तऱ्हांनी खडक फोडते. पहिली तऱ्हा बळाची. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. शिवाय गोठू लागलेली भेग आसपासचे पाणी ओढून घेते आणि बर्फाची पापुद्र्यासारखी भिंग जाड होत जाते. समुद्राकाठी आणि वाळवंटात हेच काम भेगांत वाढणारे मिठाचे स्फटिक करतात.

दुसरी तऱ्हा रासायनिक, आणि गाळाच्या दृष्टीने तीच मोठी. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. त्याचा पीएच सुमारे ५.६ असतो. भूकवचाचा निम्म्याच्या आसपास भाग फेल्स्पार गटातील खनिजांचा आहे. या पाण्याने फेल्स्पार कुजतो, त्याची केओलिनाइटसारखी चिकणमाती होते आणि पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम व काही सिलिका पाण्यात विरघळून निघून जाते. क्वार्ट्ज म्हणजे गारगोटीचे खनिज मात्र जवळपास तसेच राहते. कोणते खनिज आधी कुजते आणि कोणते शेवटी, हा क्रम सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडला : ऑलिव्हीन सर्वांत आधी, मग पायरॉक्सीन, आणि सर्वांत शेवटी क्वार्ट्ज.

थोडक्यात, खडकाच्या झिजेतून तीन गोष्टी बाहेर पडतात : टिकून राहिलेले कण, नव्याने तयार झालेली चिकणमाती आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते. पुढे खडक बांधायला तीच लागते.

ग्रॅनाइटचा तुकडा हाती आला तर त्यातले फेल्स्पार बघा. ताजा फेल्स्पार सपाट, चकचकीत पृष्ठांवर फुटतो आणि त्यावर नखाने ओरखडा उठत नाही. कुजलेला मंद पांढरट दिसतो आणि नखाने भुगा सुटतो.

प्रश्न : वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांच्यात नेमकी सीमा कुठे? घरच्या घरी वेगळे करता येतात का?

उत्तर : भूविज्ञानात चेस्टर वेंटवर्थ यांची १९२२ ची मोजपट्टी वापरतात. २५६ मिलिमीटरपेक्षा मोठी ती शिळा. ६४ ते २५६ मोठे गोटे, ४ ते ६४ लहान गोटे, २ ते ४ बारीक खडी. २ मिलिमीटरपासून ०.०६२५ म्हणजे एक सोळांशपर्यंत वाळू. तिथून सुमारे ०.००४ पर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. मृदाशास्त्रज्ञ चिकणमातीची सीमा ०.००२ मिलिमीटरवर आखतात, त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन अहवाल जुळले नाहीत तर आधी मोजपट्टी कोणती ते पाहावे.

वेगळे करण्याची सोपी रीत बरणीची. वाळलेली माती ढेकळे फोडून २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून घ्या. त्यातली १०० ग्रॅम माती सुमारे एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी सरळ बाजूंच्या पारदर्शक बरणीत ओता. पाण्याची उंची २० सेंटिमीटर ठेवा, झाकण लावून पाच मिनिटे जोरात हलवा, सपाट जागी ठेवा आणि लगेच घड्याळ लावा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ०.०६२५ मिलिमीटरचा कण सेकंदाला साडेतीन मिलिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे २० सेंटिमीटर उतरायला त्याला जवळजवळ एक मिनिट लागते. म्हणून पहिल्या मिनिटाला तळाशी बसलेला थर वाळूचा. तिथे बरणीवर खूण करा. पोयट्याचा शेवटचा कण सुमारे चार तासांत पोहोचतो. तिथे दुसरी खूण. मृदाशास्त्राची सीमा हवी असेल तर ही दुसरी खूण सुमारे पंधरा तासांनी करावी लागते. त्यानंतरही पाणी गढूळ दिसते ते चिकणमातीमुळे.

हा प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट न घातल्यास चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, लवकर बसतात आणि हिशेबात पोयटा म्हणून मोजले जातात. पाणी गार असेल तर ते अधिक दाट असते. १० अंशांना वरच्या वेळा सुमारे ३० टक्क्यांनी वाढवाव्या लागतात, ३० अंशांना २० टक्क्यांनी कमी कराव्या लागतात. आणि चिकणमातीचा थर सुरुवातीला फुगीर असतो. दोन-तीन दिवस थांबून उंची मोजली नाही, तर तिचे प्रमाण आहे त्याहून जास्त येते.

प्रश्न : बारीक कण हलके असतात. मग नदीला वेग आला की चिखल सगळ्यात आधी वाहून जायला हवा. काठचा चिखल तर वाळूपेक्षा घट्ट टिकून राहतो. हे कसे?

उत्तर : उचलणे आणि वाहून नेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फिलिप युल्स्ट्रोम या स्वीडिश संशोधकाने १९३५ मध्ये काढलेल्या आलेखात हे स्वच्छ दिसते. तळावरून सर्वांत सहज उचलली जाते ती बारीक ते मध्यम वाळू. तिला सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटरचा प्रवाह पुरतो. गोट्यांना त्यांच्या वजनामुळे जास्त वेग लागतो. पण बसून घट्ट झालेल्या चिकणमातीलाही जास्त वेग लागतो, कारण तिचे चपटे कण एकमेकांना धरून असतात आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की प्रवाहाला पकड मिळत नाही.

एकदा वर उचलला गेला की मात्र चिकणमातीचा कण संथ पाण्यातही तरंगत राहतो. ०.००२ मिलिमीटरच्या कणाला ४,००० मीटर खोल समुद्राचा तळ गाठायला, गणिताप्रमाणे, सुमारे ३५ वर्षे लागतील. प्रत्यक्षात तो बऱ्याच लवकर पोहोचतो. खाऱ्या पाण्यात कणांच्या गुठळ्या होतात, आणि सूक्ष्म जीव हे कण गिळून विष्ठेच्या गोळ्यांतून खाली टाकतात. नदीच्या मुखाशी, गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे चिखल एकदम साचतो, त्यामागे प्रवाह मंदावण्याबरोबर या गुठळ्यांचाही हात आहे.

हा साठा किती मोठा होऊ शकतो ते बंगालच्या उपसागरात दिसते. हिमालयाची झीज गंगा आणि ब्रह्मपुत्रा दरवर्षी सुमारे एक अब्ज टन गाळाच्या रूपात खाली आणतात. त्यातून समुद्रतळावर पसरलेला पंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे.

प्रश्न : गोट्यांच्या गोलाईवरून ते किती लांबून आले ते सांगता येते का? वाळूचे कण भिंगातून टोकदार दिसले, मग ती वाळू जवळची समजायची का?

उत्तर : गोट्यांबाबत बऱ्यापैकी सांगता येते, वाळूबाबत नाही. गोटे एकमेकांवर आदळतात आणि कडा लवकर झिजतात. मऊ चुनखडकाचा तुकडा थोड्याच किलोमीटरांत गुळगुळीत होतो, कठीण क्वार्ट्झाइटला (क्वार्ट्जचे कण घट्ट सांधलेल्या खडकाला) त्याच्या अनेक पट अंतर लागते. म्हणून तुलना नेहमी एकाच जातीच्या गोट्यांची करावी.

वाळूचा कण पाण्यात दुसऱ्यावर आदळताना मध्ये पाण्याचा पडदा येतो आणि धक्का विरतो. डच भूवैज्ञानिक फिलिप क्युनेन यांच्या प्रयोगांत क्वार्ट्जच्या वाळूची नदीसारख्या प्रवाहातली झीज नगण्य निघाली. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्या शेकडो पट वेगाने झिजली. त्यामुळे नदीतून शेकडो किलोमीटर आलेली वाळूही टोकदार असू शकते. उलट, पूर्ण गोल झालेले कण बहुधा आधीच्या एखाद्या वाळवंटातून किंवा आधीच्या एखाद्या वालुकाश्मातून सुटून आलेले असतात. क्वार्ट्जचा एकच कण कित्येकदा खडक झालेला आणि कित्येकदा सुटलेला असतो, ही गोष्ट या विषयातली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते.

निरीक्षण करताना काळ्या कागदावर साधारण एकाच आकाराचे पन्नासेक कण पसरा आणि दहापट भिंगातून पाहा. गोलाईबरोबर आकारांची सरमिसळ किती आहे तेही नोंदवा. सगळे कण जवळपास एका मापाचे असतील तर वारा किंवा लाटा यांनी निवड केलेली असते. शिळेपासून चिकणमातीपर्यंत सगळे एकत्र कालवलेले असेल तर हिमनदी किंवा दरडीबरोबर आलेला चिखल हे संभव आधी तपासावेत. बर्फाला आणि घट्ट चिखलाला कण निवडता येत नाहीत.

गोलाईचा पुरावा पृथ्वीपुरता नाही. २०१२ साली क्युरिऑसिटी या यानाला मंगळावरच्या गेल विवरात एकमेकांत जखडलेले गोटे दिसले. ते वाऱ्याने उडावेत इतके लहान नव्हते आणि त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. तिथे एके काळी वाहते पाणी होते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

प्रश्न : वरच्या थरांच्या प्रचंड दाबाने वाळूचा वालुकाश्म होतो, हे बरोबर आहे ना? मग आम्ही लोखंडी साच्यात वाळू भरून जॅकने दाबली तेव्हा साचा उघडताच ती सुटी कशी झाली?

उत्तर : तुमच्या साच्याने जे दाखवले तेच खरे आहे. दाबाने वाळू दाटते, पण सांधली जात नाही.

नुकत्याच बसलेल्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा पोकळ असते. वर गाळ चढत गेला की कण सरकतात, फिरतात, अधिक दाटीने बसतात आणि पोकळी २५ ते ३० टक्क्यांपर्यंत येते. पण क्वार्ट्जचे कण कठीण आहेत; ते एकमेकांना फक्त टेकलेले राहतात. दाब काढला की सुटे. त्यांना खडक करायला पोकळ्यांत चिकटा भरावा लागतो, आणि हा चिकटा म्हणजे झिजेच्या वेळी पाण्यात विरघळलेली तीच द्रव्ये : कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज, सिलिका, लोहाची ऑक्साइडे.

हे काम किती मोठे आहे ते आकड्यांत पाहा. एक लिटर पोकळी क्वार्ट्जने पूर्ण भरायची तर २.६५ किलोग्रॅम क्वार्ट्ज लागेल. जमिनीजवळच्या तापमानाला क्वार्ट्जच्या संपर्कातले पाणी लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम सिलिका विरघळलेली ठेवू शकते. ती सगळी जमा झाली असे धरले तरी त्या एका लिटरसाठी २,६५,००० लिटर पाणी तिथून जायला हवे. खोलवर एवढे पाणी फिरणे अवघड आहे. म्हणून बरीच सिलिका बाहेरून येत नाही. ती जागच्या जागी मिळते. दोन कण जिथे एकमेकांवर घट्ट टेकलेले असतात तिथे ते विरघळतात आणि शेजारच्या मोकळ्या जागेत तेच द्रव्य पुन्हा स्फटिकरूपाने बसते. चिकणमातीच्या खनिजांत खोलवर बदल होतात, त्यांतूनही सिलिका सुटते. ही क्रिया ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर वेग धरते. खोलीप्रमाणे तापमान किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते, म्हणजे ही पातळी साधारण दोन-तीन किलोमीटरवर येते. दाबाचा वाटा इथे आहे, पण पाणी आणि उष्णता यांच्या मार्फत.

चिखलाची गोष्ट निराळी. ताज्या चिखलाचा ६० ते ८० टक्के भाग पाणीच असतो. तिथे दाब खरोखर मुख्य कारागीर असतो : पाणी पिळून निघते, चपटे कण आडवे झोपतात आणि एकमेकांना धरतात. ७० टक्के पोकळी असलेला ३ मीटर चिखल दाबून १० टक्के पोकळीवर आला तर त्याचा फक्त १ मीटर खडक उरतो. तेवढीच जाडी वाळूची असती तर ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येताना ती २.४ मीटर राहिली असती. वाळूचा पट्टा आणि चिखल शेजारी शेजारी गाडले गेले की वरचे थर वाकलेले दिसतात, त्याचे कारण हा फरक. भूकंप किंवा वळ्या शोधण्याआधी हे तपासावे.

अशा चिखलाचा खडक म्हणजे शेल. आडव्या कणांमुळे तो पापुद्र्यांनी सुटतो. चिखलात किडे-अळ्यांनी बिळे करून कण उलटेपालटे केले असतील तर तोच चिखल पापुद्रे न पडणारा, ढेकळांसारखा फुटणारा पंकाश्म होतो. घटक तेच, मांडणी वेगळी.

प्रश्न : मग प्रयोगशाळेत किंवा वर्गात वालुकाश्म तयार करून दाखवता येईल का?

उत्तर : येईल. २०० ग्रॅम धुतलेली, पूर्ण वाळलेली वाळू तळाला बारीक भोके पाडलेल्या कागदी पेल्यात भरा. तिची जागा साधारण १२५ मिलिलिटर आणि पोकळी सुमारे ५० मिलिलिटर असते. ५० मिलिलिटर गरम पाण्यात ४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट पूर्ण विरघळवा आणि वाळूवर हळूहळू ओता. खाली ठिबकलेले द्रावण पुन्हा वर ओता. पेला सावलीत, जाळीवर ठेवून तीन-चार दिवस वाळू द्या. मग कागद फाडा.

वर टणक पापडी आणि आत सुटी वाळू असे झाले तर पेला फार लवकर वाळला. बाष्पीभवन वरच्या बाजूने झाले, द्रावण वर ओढले गेले आणि सगळे स्फटिक तिथेच बसले. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका. तोंडावर भोके पाडलेला कागद बांधा. वाळू नीट धुतली नसेल तर चिकणमाती पोकळ्या बुजवते आणि द्रावण खाली उतरतच नाही. तयार तुकडा पाण्यात टाकला की विरघळतो, हेही मुलांना दाखवावे. कॅल्साइटचा चिकटा असलेला वालुकाश्म आम्लधर्मी पाण्यात असाच, पण अतिशय सावकाश, सुटा होतो.

प्रश्न : गाळाचा खडक व्हायला किती वर्षे लागतात?

उत्तर : वयावर ते अवलंबून नाही, परिस्थितीवर आहे. उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेट वाळूत बसून काही वर्षांत ते काही दशकांत टणक किनारखडक तयार होतो. त्यात जखडलेल्या काचेच्या बाटल्याही सापडल्या आहेत. याउलट सेंट पीटर्सबर्गच्या परिसरातली कॅम्ब्रियन काळातली निळी चिकणमाती ५० कोटी वर्षांहून जुनी असूनही मळता येते, कारण ती कधी फार खोल गाडली गेली नाही आणि तापली नाही. अमेरिकेतला सेंट पीटर वालुकाश्म ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे ४४ कोटी वर्षांहून जुना. चिकटा कमी पडल्यामुळे अनेक ठिकाणी तो हाताने चोळला तरी सुटतो. दगड किती कठीण आहे यावरून त्याचे वय ठरवू नये.

प्रश्न : लाल वालुकाश्म म्हणजे तिथे वाळवंट होते, असे समजावे का?

उत्तर : नाही. लाल रंग हेमेटाइट या लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ लेपाचा असतो आणि तो यायला फारच थोडे लोह पुरते. त्यावरून एवढेच कळते की कणांभोवतीच्या पाण्यात प्राणवायू होता, आणि तेही कदाचित गाळ बसल्यानंतर. पूरमैदानातला गाळही लाल होतो. करडा-काळा रंग सेंद्रिय द्रव्य कुजायला प्राणवायू कमी पडल्याची खूण. लाल खडकात मधेच हिरवट ठिपके असतील तर तिथे बहुधा सेंद्रिय तुकडा होता आणि त्याच्याभोवतीचे लोह बदलून धुऊन गेले. रंग नेहमी ताज्या फुटीवर पाहावा.

प्रश्न : कड्यात थर तिरके दिसतात. जमीन उचलली गेल्यामुळे ते कलले, की मुळातच तिरके बसले, हे कसे ओळखायचे?

उत्तर : निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेला नियम असा की गाळ मुळात जवळपास आडवा बसतो आणि खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वाळूची टेकडी किंवा नदीतळावरचे वाळूचे उंचवटे पुढे सरकतात तेव्हा वाळू त्यांच्या उतरत्या बाजूवर घसरून बसते आणि आतल्या रेषा तिरप्या होतात. कोरड्या वाळूचा उतार ३० ते ३४ अंशांपेक्षा जास्त राहत नाही.

म्हणून आधी मोठ्या थरांच्या सीमा पाहा. वरची आणि खालची सीमा आडवी आणि फक्त आतल्या रेषा तिरप्या असतील तर ते तिर्यक स्तरण. सीमाही तेवढ्याच कललेल्या असतील तर थर नंतर हलले आहेत. तिरप्या रेषांचा कोन ३४ अंशांहून बराच जास्त भरला तरीही नंतरच्या हालचालीचा संशय घ्या. उटाहच्या झायन परिसरातल्या नवाहो वालुकाश्मात असे तिरपे संच अनेक मीटर उंचीचे आहेत; ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांच्या त्या कुशी आहेत.

थर उलटे झाले आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तिरप्या रेषा खाली वळत जाऊन मिळतात आणि वर कापलेल्या असतात. चिखलाच्या भेगा खाली अरुंद होतात. लाटांनी उठवलेल्या वळ्यांचे माथे वर टोकदार असतात. एकाच थरात कण खाली जाड आणि वर बारीक होत गेले असतील, तर तो बहुधा गढूळ पाण्याच्या लोंढ्यातून बसलेला थर. असे लोंढे किती ताकदवान असतात ते १८ नोव्हेंबर १९२९ च्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर कळले : समुद्रतळाचा उतार घसरला आणि अटलांटिकच्या तळावरच्या तारायंत्राच्या केबली उताराच्या दिशेने एकामागून एक तुटत गेल्या. लोंढ्याचा वेग त्या तुटण्याच्या वेळांवरून काढता आला.

प्रश्न : चुनखडकही तुकड्यांचाच बनतो का?

उत्तर : बऱ्याचदा हो, पण ते तुकडे दगडाचे नसून शिंपल्या-प्रवाळांचे असतात. एव्हरेस्टच्या माथ्याचा खडक ऑर्डोव्हिशियन काळातला सागरी चुनखडक आहे आणि त्यात ट्रायलोबाइट व समुद्रकमळांचे तुकडे आहेत. सैंधवाचे थर मात्र निव्वळ बाष्पीभवनाचे. एक मीटर जाड मीठ बसायला सुमारे ८० मीटर खोलीचे समुद्राचे पाणी आटावे लागते. म्हणून शेकडो मीटर जाड मिठाचा थर दिसला की तिथे समुद्राचे पाणी पुन्हा पुन्हा येत राहिले असे समजावे.

प्रश्न : हाती आलेला नमुना वालुकाश्म, क्वार्ट्झाइट की चुनखडक, हे साध्या साधनांनी कसे ठरवावे?

उत्तर : आधी फोडा. वालुकाश्म कणांच्या भोवतीने फुटतो, त्यामुळे फूट खरखरीत लागते. क्वार्ट्झाइटमध्ये चिकटा कणांइतकाच मजबूत झालेला असल्यामुळे फूट कणांच्या आरपार जाते आणि गुळगुळीत, चमकदार दिसते. मग पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत.

त्यानंतर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नव्हे. जोरात फसफसले तर कॅल्साइट आहे. नुसत्या पृष्ठावर काही झाले नाही, पण खरवडलेल्या भुकटीवर फसफसले, तर डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कार्बोनेट) असावा. आम्ल नसेल तर शिरका चालतो, मात्र तो भुकटीवर टाकून बुडबुडे भिंगातून पाहावे लागतात.

इथे बरेच जण घाई करतात आणि फसफसणारा प्रत्येक दगड चुनखडक ठरवतात. कॅल्साइटने सांधलेला वालुकाश्मही तसाच फसफसतो. शंका असेल तर १० ग्रॅम चुरा उघड्या भांड्यात पातळ आम्लात बुडवून फसफस पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. भांडे झाकू नका, वायू साठतो. उरलेला चुरा धुऊन, वाळवून वजन करा. ७-८ ग्रॅम वाळू उरली तर तो वालुकाश्म, आणि गेलेले वजन त्याच्या चिकट्याचे. जवळजवळ सगळेच विरघळले तर चुनखडक.